प्रश्न तुमचे: आनंद कारज ठरलंय, आता झोप उडालीय

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या भाचीचं लग्न सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी दोनला लंगर उरकून पार पडलं आणि घरात कोणी कोणाशी अबोला धरला नाही. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर शीख लग्नावरच, म्हणजे आनंद कारजवरच, करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी शीख घरातली पण जन्म, शाळा, मैत्रिणी सगळं नाशिकचं. सासरे ट्रान्सपोर्टवाले, त्यामुळे संसार द्वारका आणि आडगाव नाक्याच्या मधेच झाला, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं गुरुद्वाऱ्यात लग्न असलं की मी लंगरात पोळ्या लाटायला असतेच. तिथे बसून जे दिसतं ते सांगते.

ताई, माझं लग्न तीन महिन्यांवर आलंय. आम्ही शीख आहोत, मी नाशिकलाच वाढले, नवरा मुलगा पुण्यात जॉबला. मला साधं, आपल्या माणसांतलं लग्न हवंय पण पप्पांनी रोका, शगन, मेहंदी, जागो, गंगापूर रोडच्या लॉन्सवर रिसेप्शन, असे पाच दिवस काढलेत आणि लुधियाना-जालंधरहून दीडशे माणसं येणार म्हणतात. काही बोललं की मम्मी रडते. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
— इंदिरानगर

अगं, आधी एक काम कर, एका कागदावर फक्त लग्न लिही. म्हणजे काय, तर अरदास म्हणजे प्रार्थना, पल्ला म्हणजे मुलाच्या खांद्यावरच्या कापडाचं टोक मुलीच्या हातात देणं, चार लावां म्हणजे चार पदं आणि गुरू ग्रंथ साहिबभोवती चार फेऱ्या, आनंद साहिब या बाणीच्या सहा पौड्या म्हणजे कडवी, परत अरदास, हुकमनामा म्हणजे ग्रंथ उघडून वाचलेलं वचन, आणि कडाह प्रसाद, आपला कणकेचा शिरा. झालं. एवढ्यात तुझं लग्न लागतं. याला तास-दीड तास लागतो आणि त्यात पैसा जवळजवळ लागतच नाही. बाकी तू लिहिलेलं सगळं, रोका म्हणजे लग्न पक्कं करण्यापासून रिसेप्शनपर्यंत, हौस आहे. हौस वाईट नसते पण ती कोणाची आहे ते कळलं पाहिजे, कारण लंगरात बसून मी बघितलंय की लावांवरून कधीच भांडण होत नाही, भांडणं होतात ती मिलनीत, म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्यांच्या गळाभेटीत, कोणाला हार घातला नाही आणि डीजे किती वाजता बंद केला यावरून.

आता पप्पांशी "हे नको ते नको" करत बसू नकोस. त्याने माणूस हट्टाला पेटतो. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळं गाठ आणि एकच विचार, या पाच दिवसांतला कुठला एक कार्यक्रम झाला नाही तर तुम्हाला आयुष्यभर चुटपुट लागेल? आमच्या भाचीच्या वेळी हेच केलं. भाईसाहेबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, फक्त मिलनी नीट व्हायला हवी होती, बीजींना, घरातल्या आजीला, जागो म्हणजे आदल्या रात्रीची गाणी-नाच, आणि आईला लाल बांगड्यांचा चूडा तिच्या भावाच्या हातून चढवलेला बघायचा होता. रिसेप्शन कोणालाच नको होतं! सगळे एकमेकांसाठी करत होते. ते गेलं आणि निम्मा खर्च, निम्मी धावपळ त्याच्याबरोबर गेली.

तारखेचं पण बघ. आपल्याकडे मुहूर्त लागत नाही, रहित मर्यादेतच, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेतच, आहे की तिथी-पत्रिका बघायची नाही, पण नाशिकमध्ये लॉन्स, बँड, फुलवाले, मेहंदीवाल्या सगळे मराठी मुहूर्तांवर चालतात. दाते पंचांगात लग्नाचा मुहूर्त असलेल्या दिवशी मागायला गेलीस तर भावही चढा आणि माणूसही घाईत. बिनमुहूर्ताचा रविवार धर, तोच माणूस निवांत बसून बोलतो. फक्त त्या दिवशी गुरपुरब, म्हणजे गुरूंचा उत्सव, नाही ना आणि दुसऱ्या कोणाचा अखंड पाठ, म्हणजे ग्रंथाचं न थांबता वाचन, ठेवलेला नाही ना, हे ग्रंथ वाचणाऱ्या ग्रंथीसाहिबांना विचारून घे, अखंड पाठ 48 तास चालतो, हॉल अडकतो. आणि ज्यांची लग्नं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काढायची चाललीयेत त्यांनी सिंहस्थाची स्नानं लक्षात ठेवा, पाहुण्यांना खोल्या मिळायच्या नाहीत.

पंजाबच्या पाहुण्यांचं टेन्शन एका युक्तीने कमी होतं. लुधियाना-जालंधरची माणसं सचखंड एक्सप्रेसने येऊ देत, ती अमृतसरहून नांदेडला जाते आणि मनमाडला थांबते. तिथे गुरुद्वारा गुपतसर साहिब आहे, आपल्याच जिल्ह्यात. गाडीतून उतरून मत्था टेकायचा, आंघोळ, लंगर, थोडं पडायचं आणि मग एक बस करून नाशिक. आमच्याकडच्या फुफ्फडजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, लग्नातली कुठली गोष्ट लक्षात ठेवली असेल तर ती मनमाडची सकाळ. फिरोजपूर-भटिंड्याकडचे असतील तर पंजाब मेल थेट नाशिक रोडला येते. त्यांना घ्यायला जायचं काम तुझं नाही हं, आणि लग्नाच्या आदल्या दिवसापासून तुझा फोन एखाद्या चुलत भावाकडे देऊन टाक, "गाडी कुठे लावू" हे सगळे फोन त्याने घ्यायचे.

आणि झोपेचं म्हणशील तर, रोज रात्री झोपायच्या आधी लावां वाच. चौथे गुरू, गुरू रामदासजींची बाणी आहे ती, सूही रागातली, गुरू ग्रंथ साहिबच्या अंग म्हणजे पान 773 वर. पहिल्या लावेत आपलं कर्तव्य आणि नाम, दुसरीत भीती जाते, तिसरीत ओढ लागते, चौथीत सहज येतं, मन शांत होतं. मी हे मुद्दाम सांगतेय. माझ्या लग्नात तिसरी लाव चालू असताना फोटोग्राफर माझी चुन्नी सारखी करायला सांगत होता, मी त्याच्याकडे बघत होते, आणि आज इतक्या वर्षांनी मला ती तिसरी लाव आठवत नाही. काहीच आठवत नाही. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तू फोटोवाल्याला आधीच बजाव, डोकं झाकायचं, महाराजांच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबच्या, आणि तुमच्या मधून जायचं नाही आणि लावां चालू असताना मुलीशी एक शब्द बोलायचा नाही.

ताई, आम्ही कॉलेज रोडचे, मराठी, वारकरी घराणं. मुलाने शीख मुलगी पसंत केली, मुलगी लाखात एक आहे. तिच्या घरचे म्हणतात लग्न गुरुद्वाऱ्यात आनंद कारज पद्धतीने करू. आमची हरकत नाही, पण मुहूर्त, मंगलाष्टकं, सप्तपदी, कन्यादान काहीच नाही का? मी वरमाय म्हणून तिथे काय करायचं? नातेवाईक विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.
— एक आई

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. "मुलगी लाखात एक आहे" हे तुम्ही आधी लिहिलंत आणि प्रश्न नंतर, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे.

पण एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते, ती कोणी सांगत नाही आणि मग पत्रिका छापल्यावर रडारड होते. शीख रहित मर्यादेप्रमाणे आनंद कारज शीख मुलगा आणि शीख मुलगी यांचंच होतं. त्यात जातपात बघायची नाही असंही आहे, पण धर्माची अट आहे. त्यामुळे हॉल बघायच्या, दागिने करायच्या आधी दोन्ही घरांतली मोठी माणसं एकत्र गुरुद्वाऱ्याच्या कमिटीकडे जा, शिंगाडा तलावाजवळच्या असो नाहीतर तुम्हाला जवळ पडेल त्या, आणि जे आहे ते खरं सांगा. मुलगा शीख नाही, केस ठेवत नाही, घरी विठ्ठल आहे. ते काय म्हणतात ते शांतपणे ऐका. मुलाने मनापासून गुरूंना मानून पुढे जायचं ठरवलं असेल तर तो वेगळा विषय, तो त्याचा निर्णय. पण फक्त हॉल मिळावा म्हणून त्याने कुठल्या कागदावर खोटी सही करू नये आणि तुम्ही करू देऊ नका, कारण महाराजांसमोर संसार सुरू करताना पहिलीच गोष्ट खोटी नको, हे मी तुमच्या सुनेच्या बाजूची म्हणून सांगतेय.

कमिटी नाही म्हणाली तरी रस्ता आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवा, त्याला 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात, धर्म कोणालाच बदलावा लागत नाही. मग मुलीच्या घरी सुखमनी साहिबचा पाठ, कीर्तन, अरदास, आणि गुरुद्वाऱ्यात एक दिवस तुमच्या दोन्ही घरांकडून लंगर. तुमच्याकडे तुमच्या पद्धतीने पूजा. अशी लग्नं मी पाहिलीयेत, कशात कमी पडली नाहीत.

कमिटी हो म्हणाली तर मग ऐका. मंगलाष्टकं नाहीत, अंतरपाट नाही, आणि अक्षता तर अजिबात वाटू नका, दरबारात तांदूळ उडवायचे नाहीत. मुहूर्ताचं असं की तुम्हाला पंचांगातला चांगला दिवस धरायचा असेल तर धरा, तिकडचे अडवणार नाहीत, पण 11 वाजून 42 मिनिटं असा आग्रह धरू नका कारण कीर्तन आणि लावां आपल्या चालीने होतात. लावां कशा होतात सांगू का, ग्रंथीसाहिब एक लाव वाचतात, मुलगा-मुलगी बसून ऐकतात, मत्था टेकतात, मग कीर्तन गाणारे रागी तीच लाव गातात आणि ते दोघं गुरू ग्रंथ साहिबभोवती चालतात, मुलगा पुढे मुलगी मागे, महाराज उजव्या हाताला. असं चार वेळा. तुमच्या पाहुण्यांसाठी चारही लावांचा अर्थ मराठीत एका पानावर छापून आधीच वाटा, नाहीतर आपली माणसं "लागलं का, लागलं का" करत जेवणाकडे बघत राहतात.

पाहुण्यांना आणखी दोन-तीन गोष्टी आधी कळवा. डोकं झाकायचं, पुरुषांनी पण, तरी दारात एका टोपलीत रुमाल ठेवाच. चपला बाहेर. आणि हे महत्त्वाचं, खिशात तंबाखूची पुडी, गुटखा, सिगारेट काही नको. गाडीत पण नको, घरीच ठेवून या म्हणावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागे भिंतीला बसायची सोय विचारून ठेवा.

आता तुमचं, वरमाईचं. तुमच्याकडे येवल्याची जुनी पैठणी आहे का, सासूबाईंची वगैरे? मुलाच्या खांद्यावर जो पल्ला असतो, ज्याचं एक टोक मुलीच्या हातात देतात, तो बाजारातूनच आणायला पाहिजे असं काही नाही. त्या पैठणीचा पल्ला शिवून घ्या, साधारण अडीच मीटर, काठ दोन्ही बाजूंनी, ग्रंथीसाहिबांना आधी दाखवा. चारही लावांत तुमचे सून-मुलगा तुमच्या घरच्या पैठणीने बांधलेले असतील. याहून वरमाईला अजून काय करायचं असतं?

आणि वारकरी आहात म्हणून सांगते, याचा मला फार अभिमान वाटतो, गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवरायांची 61 पदं आहेत. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. लावां सुरू व्हायच्या आधी जे कीर्तन होतं त्यात भगत नामदेवजींचं एक शबद, म्हणजे पद, घ्या अशी विनंती रागींना आठवडाभर आधी करा. तुमच्याकडची म्हातारी माणसं दरबारात बसलेली असताना रागींनी "बाणी भगत नामदेवजी की" म्हटलं ना काकू, मग तुम्हाला कोणाला काही उत्तर द्यावं लागणार नाही.

हळद मात्र एकत्र करा. आमच्याकडे वटणा असतो, हळद, जवाचं पीठ, सरसोंचं तेल, म्हणजे तुमची हळदच. एकाच अंगणात दोन्हीकडच्या बायकांनी लावायची. हिरवा चुडा तुमच्याकडून आदल्या दिवशी भरा, लाल चूडा तिचा मामा आणेल. मामा दोन्हीकडे लागतोच. मंगळसूत्र, लक्ष्मीपूजन, नाव घेणं हे सगळं घरी, गृहप्रवेशाच्या वेळी करा, गुरुद्वाऱ्याच्या कार्यक्रमात मिसळू नका. दोन्हीचा मान राहतो.

आम्हाला गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागेत, आउटडोअर आनंद कारज करायचंय. खूप सुंदर दिसेल. परमिशन कशी काढायची?
— नाशिकचा पण सध्या बंगळुरू

नाही मिळणार रे, आणि काढूही नकोस. 2023 मध्ये अकाल तख्ताकडून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च पीठाकडून, स्पष्ट सांगितलं गेलंय की बीच, रिसॉर्ट अशा ठिकाणी गुरू ग्रंथ साहिबचं सरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, नेऊन आनंद कारज करायचं नाही. त्यात तू म्हणतोस तिथे वाईन पण असणार. दरबारासाठी जागा शोधायची नसते, आपण दरबारात जायचं असतं. सकाळी गुरुद्वाऱ्यात लग्न करा आणि संध्याकाळी मित्रांना घेऊन धरणावर सूर्यास्त बघायला जा, फोटोही तिथेच काढा.

होणाऱ्या सासूबाईंनी चौदा किलोचा लेहंगा घेतलाय. मला त्यात बसता येत नाही. नाही म्हटलं तर राग येईल का?
— पाथर्डी फाटा

2023 च्या अखेरीस आपल्या नांदेडलाच, तख्त हजूर साहिबला, सिंघ साहिबांच्या, म्हणजे तख्तांच्या प्रमुखांच्या, बैठकीत ठरलंय की लावांच्या वेळी मुलीने लेहंगा-घागऱ्याऐवजी सलवार-कमीज आणि चुन्नी घालावी. कारणही तेच आहे, जड कपड्यात चालता येत नाही, मत्था टेकता येत नाही. हे सासूबाईंना सांग, तुझं नाव मधे यायलाच नको. लेहंगा संध्याकाळी घाल, त्यांनी हौसेने घेतलाय गं. पत्रिकेवर मुलाच्या नावापुढे सिंघ आणि मुलीच्या नावापुढे कौर लिहायचं असंही त्याच वेळी ठरलं, तर छापायला टाकायच्या आधी बघ.

बहिणीच्या लग्नात 300 माणसं. बाहेरचा केटरर 14 पदार्थ सुचवतोय, कमिटी म्हणते लंगर करा. साधं दिसेल का? लोक नाव ठेवतील का? बजेट टाईट आहे, कोणाला सांगू शकत नाही.
— एक भाऊ

लंगर कर. डोळे झाकून कर. मी तिथे रोज बघते, वरात थकून आलेली असते आणि गरम परशादा म्हणजे पोळी, माँ की दाल, एक सुकी भाजी, दही, भात, खीर एवढं पंगतीत मिळालं की माणसं पोटभर जेवतात. 14 पदार्थांत निम्मं ताटात उरतं. लंगराचं कसं असतं, शिधा तू द्यायचा, म्हणजे पीठ, डाळ, तूप, साखर, भाजी, दूध, गॅसचे सिलेंडर, आणि सेवेदारांबरोबर तुमच्या घरच्यांनी हात लावायचा. प्रमाण कमिटीच्या लांगरीला, म्हणजे लंगराच्या स्वयंपाक्याला, विचार, 300 चा अंदाज त्याच्या हातात बसलेला असतो, त्याच्यावर आपली अक्कल लावायची नाही. भाजी आदल्या संध्याकाळी पंचवटीच्या मार्केट यार्डातून घे. कडाह प्रसादाला कणीक, तूप, साखर सारखंच वजन, त्यात काटकसर करू नकोस. रात्रीच लसूण-कांदे सोलायला तुझे मित्र बोलाव, मराठी, मारवाडी, जे असतील ते, लंगरात सेवेला कोणीही चालतं. एका लग्नात मुलीच्या ऑफिसातली सात-आठ मुलंमुली पहाटे पाचला परशादे लाटायला आली होती, एकाचाही गोल होत नव्हता, आणि लग्नाचा अल्बम बघताना ती मुलगी अजूनही त्याच फोटोवर थांबते.

वाढायला तू स्वतः उभा राहा, बादली घेऊन. मुलीचा भाऊ पंगतीत दाल वाढतोय हे बघितल्यावर नावं ठेवणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. आणि पैशाचं कोणालाच सांगता येत नाही असं वाटत असेल तर निदान बहिणीला सांग. तिला कळलंच पाहिजे, कारण ती कदाचित तुझ्यासाठीच गप्प बसून 14 पदार्थ निवडत असेल.

लग्न झाल्यावर सरकारी नोंदणी कुठे करायची? आनंद मॅरेज ॲक्टखाली होते का?
— सिडको

आनंद विवाह कायदा 1909 चा, त्यात 2012 ला नोंदणीची तरतूद आली. पण तुम्हाला पासपोर्ट-व्हिसाची घाई असेल तर महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली करून घ्या, ते सर्टिफिकेट सगळीकडे चालतं. लग्नापासून 90 दिवसांच्या आत अर्ज, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे-पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका. फॉर्मवर लग्न लावणाऱ्याची सही लागते, म्हणून गुरुद्वाऱ्याचा दाखला आणि ग्रंथीसाहिबांची सही त्याच दिवशी घ्या, नंतर ते गावाला गेले की महिना जातो.

ताई, पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. भाऊ नाही. पल्ला कोण देणार यावरून दोन्ही चाचांमध्ये आत्ताच कुजबुज सुरू झालीय. मला आईने द्यायला हवा आहे पण ती म्हणते विधवा बाईने पुढे येऊ नये. मी कोणाशी बोलू?
— देवळाली कॅम्प

बेटा, तू आईशीच बोल, पण आधी ग्रंथीसाहिबांशी बोल. रहित मर्यादेत वडील किंवा घरातलं मुख्य माणूस पल्ला हातात देतं असं आहे. तुझ्या घरातलं मुख्य माणूस कोण आहे? दोन वर्षं घर कोणी चालवलं? विधवेने मागे राहायचं हे आपल्या धर्मात कुठेच नाही, तिसरे गुरू, गुरू अमरदासजींनी सती आणि पडद्याच्या विरोधात सांगितलं त्यालाही साडेचारशे वर्षं झाली. हे आपल्या बायकांच्या मनात आजूबाजूचं बघून बसलंय, आणि ते मनातून काढायला मुलगीच लागते.

मी आईला पल्ला देताना पाहिलंय. रागी पल्ल्याच्या वेळचं "पल्लै तैंडै लागी" गात होते आणि ती बाई उठली, तिचे हात थरथरत होते म्हणून मोठा चाचा तिच्या कोपराला धरून उभा राहिला. तुमच्याकडे दोन चाचे आहेत ना, त्यांना कुजबुजायला सोडू नकोस, एकाला मिलनीत पप्पांच्या जागी उभं कर, ते काम मोठं आहे, आणि दुसऱ्याला सांग की आई उठेल तेव्हा तू तिच्या बाजूला उभं राहायचं. पप्पांची एखादी पगडी ठेवलीय का घरी? असेल तर तिच्यातलं कापड मिलनीला उभ्या राहणाऱ्या चाचाला बांधायला दे.

ग्रंथीसाहिबांकडे या रविवारी दिवाणानंतर, म्हणजे कीर्तनाची सभा उठल्यावर, जा, तेव्हा ते मोकळे असतात. आईला बरोबर घेऊन जा आणि प्रश्न तिच्यासमोर विचार, उत्तर तिला त्यांच्या तोंडून ऐकू दे. काय म्हणाले ते मला कळव, लग्नाच्या दिवशी लंगरात मी आहेच.